कच्ची शिंगं

गाईचं पहिलं शिंग ऑल्विननं आपल्या शेतातल्या खड्ड्यातून उकरून काढलं आणि ते चांगलं निघालं. तिथंच घोटाळा झाला. पहिलंच कच्चं निघालं असतं तर आम्ही सावध झालो असतो, आपापले चेहरे सांभाळले असते. पण त्यानं शिंग दगडावर हलकेच आपटलं, आतून काळंभोर, मऊ, पालापाचोळ्याखालच्या मातीचा वास येणारं खत घमेल्यात पडलं, आणि आम्ही सगळे लग्नघरातल्या माणसांसारखे खुलून बोलायला लागलो. दुसरं शिंग कॉलीननं घेतलं. आपटलं, काही पडेना. काडीनं कोरलं तर हिरवट, चिकट लगदा बाहेर आला आणि नाकाला पदर लावावा असा वास सुटला.

"अगंबाई, हे तर अजून शेणच आहे," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये शिंगांत जे शेण भरून पुरलं तेच ऑक्टोबरात जसंच्या तसं बाहेर आलं होतं. आमच्या या दक्षिणेकडच्या देशात हिवाळा याच महिन्यांत येतो, तो सगळा जमिनीत राहून त्याचं शिंगखत व्हायला हवं होतं. त्यातलं मूठभर पिंपभर पाण्यात ढवळून आम्ही कुरणांवर, वाफ्यांवर, द्राक्षांवर शिंपडतो, आणि आमची सगळी शेती त्या मुठीवर उभी आहे. बाहेरचे हसतात. हसू देत. त्यांच्या जमिनी बघितल्या की मलाही हसू येतं.

एकेक शिंग निघत गेलं. एक चांगलं, दोन कच्ची, परत चांगलं. शेवटी दोन ढीग झाले, जवळपास सारखेच. आणि एकेक जण त्या कच्च्या ढिगापासून थोडा थोडा मागे सरकला, जणू जवळ उभं राहिलं तर तो आपल्याच नावावर लागेल.

आमच्या डोंगरावरची रीत अशी, की शिंगं भरायच्या मेळाव्याला प्रत्येकानं आपल्या दुभत्या गाईच्या शेणाची बादली आणायची, पण आपल्या बादलीतलं शेण आपण भरायचं नाही. बादल्या हातोहात फिरतात. शिंगावर खूण करायची नाही. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा ऑल्विननंच ही रीत घालून दिली. तुझं-माझं राहू नये, पिकेल ते सगळ्यांचं. ऐकायला फार छान वाटायचं. त्या दिवशी कळलं, की नासलं तर तेही सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणजे प्रत्येकाच्या मते दुसऱ्याचं.

जेवायला आम्ही ऑल्विनच्या पडवीत बसलो. कॉलीनचं भोपळ्याचं सूप होतं, मी भाजलेले स्कोन पाव होते, कुणाला घास जात नव्हता. विषयाला तोंड फोडलं ते केस्टर व्हॉसनं. हा आमचा द्राक्षवाला. गप्प बसला तर आजारी पडेल असा माणूस.

"खड्डा तोच, पाऊस तोच, माती तीच," तो म्हणाला. "मग निम्मीच शिंगं कच्ची कशी? मी सांगतो. कुणाच्या तरी बादलीत औषध होतं."

जंताचं औषध. गाईच्या पाठीवर निळं पाणी ओततात, ते कातडीतून आत जातं आणि शेणातून बाहेर पडतं. त्या शेणाला मग किडा लागत नाही, भुंगा शिवत नाही, गांडूळ फिरकत नाही. ते आपलं पडून राहतं. हे आमच्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे. म्हणून केस्टरच्या त्या वाक्यानंतर सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

त्या बाजूला ब्रायनी लस्क बसली होती. गेल्या वसंतात तिनं ओढ्याकाठचा गोठा घेतला. त्याआधी मेलबर्नला राहून ती हीच औषधं विकायची, गावोगाव गाडी घेऊन फिरायची. हे तिनं पहिल्याच मेळाव्यात स्वतःहून सांगितलं होतं, आणि मला ते तेव्हाच खटकलं होतं. जो आधीच सगळं सांगून मोकळा होतो, त्याच्याकडे मी जरा जास्तच निरखून बघते.

नव्या माणसाला आमच्यात वर्षभर उमेदवारी असते. मग शिंगखताच्या ढवळणीच्या दिवशी सगळ्यांनी हात वर केले तर तो गटात. आणि गटात असेल तरच आमची चीजखोली त्याचं दूध घेते. ब्रायनीची ढवळणी दोन आठवड्यांवर आली होती. तिच्या मूठभर गाईंचं दूध न्यायला दुसरं कुणी डोंगर चढून येणार नव्हतं. हात वर झाले नाहीत तर गाई विकायच्या आणि शहरात परत जायचं, एवढंच तिच्या हातात होतं. हे तिला ठाऊक होतं, आणि आम्हालाही.

"कुणाच्या बादलीत?" तिनंच विचारलं.

"मी कुठं कुणाचं नाव घेतलं?" केस्टर म्हणाला.

"घेतलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं माझ्या बशीकडे बघून बोलताय."

"बशीकडे बघायला काय, कर आहे?"

"ओल जास्त झाली असेल," ऑल्विन मध्येच म्हणाला. तो सूप ढवळत होता, पीत नव्हता. "कच्ची आहेत ती परत पुरू. चांगली आहेत तेवढी या वर्षाला पुरतील. सोडा आता."

"डेझमंडच्या वेळी तू सोडलं नव्हतंस," केस्टर म्हणाला.

डेझमंडची गोष्ट जुनी. त्यानं आजारी गाईला चोरून औषध दिलं आणि तिचं शेण मेळाव्याला आणलं. खरं तर गाय मरायला टेकली असेल तर औषध द्यायला आमच्यात बंदी नाही. द्यावं, सगळ्यांना सांगावं, आणि तिचं शेण शिंगात भरू नये, एवढंच. डेझमंडनं सांगितलं नाही. तेव्हा ऑल्विननं भर मेळाव्यात त्याला उभं केलं आणि म्हणाला, गाईला दिलेलं औषध मी माफ करीन, आम्हाला दिलेलं नाही. डेझमंड त्या वर्षी शेत विकून क्वीन्सलँडला गेला. ऑल्विनचा शब्द आमच्यात असा होता. माझा नवरा गेला तेव्हा हाच माणूस वर्षभर रोज पहाटे माझ्या गाई पिळायला यायचा आणि चहासुद्धा न घेता जायचा, त्यामुळे माझ्यासाठी तर तो शब्दाच्याही वर होता.

घरी येताना माझं ठरलं. चोर शेणातच सापडणार. ज्याच्या गाईला औषध दिलंय, त्याच्या कुरणात पडलेले शेणाचे पो सांगतील.

दुसऱ्या दिवशी काठी घेतली आणि ओढ्याकाठी ब्रायनीच्या कुरणात शिरले. पो उलथून बघायला लागले. एक उलथला, खाली भोकंच भोकं. दुसरा उलथला, काळे भुंगे पळाले. तिसरा तर आतून इतका पोखरलेला, की काठी लावताच भुगा झाला. मला बरं वाटायला हवं होतं. मी चिडले. मनात एक चोर पक्का केलेला असला, की तो निर्दोष निघाला तर आपलंच काहीतरी लुटल्यासारखं वाटतं.

"काय शोधताय, थेल्मा?"

ब्रायनी कुंपणापाशी उभी होती. कधीपासून, देव जाणे.

"कानातलं पडलं माझं," मी म्हणाले.

"तुम्ही कानात काही घालत नाही."

"म्हणून तर पडलं."

ती हसली नाही. आत आली, माझ्या हातातली काठी घेतली आणि स्वतःच एक पो उलथून दाखवला. "हे बघा. तो बघा. पलीकडचाही बघा. मी ते औषध विकलंय थेल्मा, त्यानं काय होतं ते तुमच्यापेक्षा मी जास्त पाहिलंय. एक माणूस मला त्याच्या कुरणात घेऊन गेला होता. नुसत्या गोवऱ्या पडलेल्या, एकही किडा नाही. त्यानंतर मला ते विकवेना."

"हे आत्ताचं झालं. एप्रिलमध्ये काय होतं?"

तिनं काठी परत दिली. "एप्रिलचं शेण तुम्हाला कुठून आणून दाखवू?" एवढंच म्हणाली आणि गोठ्याकडे गेली. तिचा आवाज जरा फाटला होता. मला वाईट वाटलं, पण विश्वास बसला नाही. रडणारा खराच असतो असं थोडंच आहे?

तिथून केस्टरकडे गेले. त्याच्या दोन-तीन गाई द्राक्षांच्या खाली चरतात. वसंतात मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात म्हणून मी घमेलं डोक्यावर धरून वाकले होते, आणि त्याच अवस्थेत केस्टरच्या बायकोनं मला खिडकीतून बघितलं. तिनं हात केला. मीही केला. त्याचेही पो चांगले निघाले. घरी आले तर माझ्याच कुरणात अनोळखी बुटांचे ठसे, आणि माझ्या गाईंचे पो ओळीनं उलथलेले. बूट केस्टरचे होते, टाच एका बाजूला झिजलेली. मी फोन केला.

"माझ्याकडे काय सापडलं रे?"

"भुंगे. तुला माझ्याकडे?"

"भुंगेच."

"मग ती ब्रायनीच," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात आमच्या डोंगरावर एकही पो धड राहिला नाही. कॉलीन माझ्याशी तुटक बोलायला लागली. दुकानाबाहेर माणसं एकमेकांच्या गाडीच्या मागच्या हौद्यात डोकावून जायची. वर्षानुवर्षं एकमेकांच्या गाईंची बाळंतपणं केलेले आम्ही लोक, पण एकमेकांचं शेण बघत फिरत होतो.

एक कुरण मात्र कुणी बघितलं नव्हतं. ऑल्विनचं. बघायचं मनातसुद्धा आलं नव्हतं. मी त्याच्याकडे गेले तीही त्याचा सल्ला घ्यायला. स्कोनचा डबा काखेत होता, आणि वळसा नको म्हणून घरामागच्या कुरणातून निघाले. मध्येच पायाखाली काहीतरी कडक लागलं. लाकडाची फळी असेल म्हणून बघितलं तर पो. वाळून करडा झालेला, पण गोल, सबंध, एक भोक नाही. पुढे आणखी एक. त्यापुढे ताजे होते तेही तसेच, गुळगुळीत, माशीसुद्धा नाही. मी काठी आणली नव्हती. हातानंच उलथला. खालचं गवत पिवळं पडलं होतं आणि तिथं जिवंत असं काही नव्हतं.

मी मनात म्हणाले, दुसऱ्या कुणाची गाय आत शिरली असेल. इतके दिवस प्रत्येकाचा संशय घेतला, आणि जिथं समोर पुरावा पडला होता तिथं मी सबबी शोधत बसले.

"थेल, हात धुऊन ये," ऑल्विनचा आवाज आला. "मग सांगतो."

तो गोठ्याच्या दारात उभा होता. शेजारी मेबल, त्याची एकुलती एक दुभती गाय. मेबल म्हातारी. तिची आई, तिची आजी, सगळ्या ऑल्विनच्या बायकोनं वाढवलेल्या, आणि बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मेबलच्या पाठीच्या कण्यावर फिकट निळा पट्टा होता. नीट बघितल्याशिवाय दिसला नसता.

"गेल्या मार्चमध्ये ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायला लागली," तो म्हणाला. "लसूण दिला, दवणा दिला, सगळं दिलं. हाडं वर आली. मग एक दिवस उठलीच नाही. मी लांबच्या गावाला जाऊन ते आणलं, इथं कुणी बघायला नको म्हणून. तिसऱ्या दिवशी ती चरायला लागली. तेव्हापासून ती उतरली की परत देतो, गेल्या आठवड्यातही दिलं. थेल, मी गोठ्यात बसून रडलो."

"मग सांगायचंस. नियमात बसतं ते. बादली आणली नसतीस म्हणजे झालं."

"पहिली बादली माझी असते दर वर्षी. मी रिकाम्या हातानं उभा राहिलो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं. आणि मग डेझमंडचं नाव निघालं असतं." तो मेबलच्या मानेवर हात फिरवत होता. "मला वाटलं, एवढ्या शेणात एक बादली काय कळणार. पण कॉलीननं माझी बादली बघून म्हटलं, ऑल्विनचं शेण पहिलं घ्या. सगळ्यांनी आधी तेच घेतलं. मानानं."

मला त्याचा राग आला आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हणाले, "त्या पोरीचं काय?"

"ढवळणीच्या दिवशी सांगतो. माझं मला सांगू दे, थेल. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको."

मी बरं म्हटलं. स्कोनचा डबा तिथंच विसरले.

ढवळणी दुपार उतरताना होते. ऑल्विनच्या अंगणातल्या जुन्या निलगिरीच्या फांदीला लांब दांडा टांगलेला असतो, खाली लाकडी पिंप, कोमट पावसाचं पाणी. त्यात चांगलं खत टाकायचं आणि तासभर ढवळायचं. आधी एका बाजूनं, पाण्यात तळापर्यंत भोवरा पडेतो. मग एकदम उलट, सगळं फेसाळून विस्कटतं आणि पुन्हा नवा भोवरा धरतो. हात बदलला तर चालतं. पाणी थांबता कामा नये. थांबलं तर ते पाणी वाया गेलं, आमच्यात कुणी ते शेतावर नेणार नाही. पहिला हात ऑल्विनचा, आणि इतक्या वर्षांत तो थांबल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही भोवती गोल बसलो. प्रत्येकाच्या पायाशी न्यायची रिकामी बादली. ब्रायनी माझ्यासमोर होती, तिचीही बादली होती, नवी कोरी. ऑल्विन ढवळत होता आणि मी वाट बघत होते. तो बोलला नाही. पहिला भोवरा झाला, दुसरा झाला. मला वाटलं, शब्द जुळवत असेल. मग वाटलं, हात बदलला की बोलेल. केस्टर दांडा घ्यायला उठला तर त्यानं मान हलवली आणि ढवळतच राहिला.

"मग आपण तोवर हे उरकू," केस्टर परत बसत म्हणाला. "ब्रायनीचं. माझ्या मनात काही वैर नाही. पण ज्या वर्षी ती आली, त्याच वर्षी शिंगं कच्ची निघाली. मला हात वर करता येणार नाही."

"मलाही," कॉलीन खाली बघत म्हणाली.

"बाकीच्यांचं काय?"

दोन-तीन हात अर्धवट वर आले आणि इकडेतिकडे बघून खाली गेले. ब्रायनी ताठ बसली होती. मला वाटतं तिनं आदल्या दिवशीच गाईंचा निरोप घेतला असावा, तसा तिचा चेहरा होता.

मी ऑल्विनकडे बघितलं. तो पाण्याकडे बघत होता. मी त्याला शब्द दिला होता. त्यानं माझ्या गाई पिळल्या होत्या. आणि समोर त्या पोरीचं सगळं हातचं चाललं होतं.

"थेल, तुझं काय?" केस्टरनं विचारलं.

"ढवळणं तरी होऊ दे," मी म्हणाले. "घाई कसली आहे?"

"घाई नाही. हो का नाही, एवढंच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ब्रायनीही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि काय बोलणार होते ते मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात पाण्याचा आवाज बंद झाला.

ऑल्विननं दांडा सोडून दिला होता. दांडा फांदीवरून लोंबत राहिला, भोवरा वर वर येत भरून गेला, आणि पिंपातलं पाणी कुठल्याही पाण्यासारखं सपाट झालं. कुणीतरी "अरे, अरे" म्हणत पुढे झालं आणि तिथंच थांबलं.

"औषध मेबलला दिलं होतं," ऑल्विन म्हणाला. "मी. बादलीही माझीच. या मुलीकडे बोट दाखवलंत तेव्हा मी सूप ढवळत बसलो होतो. डेझमंडला मी जे म्हणालो ते आता मला म्हणा."

केस्टरनं टोपी काढली आणि परत घातली. कॉलीन रडायला लागली. मग केस्टरनंच हात वर केला, ब्रायनीसाठी. एकेक करत सगळे वर झाले. ऑल्विनचाही झाला, पण त्यानं तो लगेच खाली घेतला आणि म्हणाला, आता माझा हात मोजायचं कारण नाही. पुढच्या वर्षी खड्डा दुसरीकडे खणा.

पिंप आडवं करून पाणी तिथंच गवतात ओतलं. माणसं रिकाम्या बादल्या घेऊन गाड्यांकडे गेली. ऑल्विनपाशी थांबावंसं सगळ्यांना वाटत होतं, पण कुणी थांबलं नाही. तो मेबलला आत घ्यायला गेला.

मी गाडीत बादली ठेवत होते तेव्हा ब्रायनी आली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तो बोलला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते. तुम्ही माझ्याकडे."

खोटं बोलून काही उपयोग नव्हता. मी मान हलवली.

"तो थांबला नसता तर तुम्ही बोलला असता?"

"हो," मी म्हणाले. लगेच म्हणाले, जरा जास्तच लगेच.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग "बरं" म्हणाली आणि आपल्या गाडीकडे गेली. तिचा विश्वास बसला नाही. माझा तरी कुठं बसला होता?